वाचन कुणाच्या तासाला?

‘मीनाजवळ 20 पेन्सिली आहेत. रमापेक्षा तिच्याजवळ 7 पेन्सिली जास्त आहेत. तर रमाजवळ किती?’

आठवीच्या कुठल्याही वर्गात हे उदाहरण फळ्यावर लिहून पाहा. खडू खाली ठेवायच्या आत मागच्या बाकांवरून उत्तर येतं, सत्तावीस. पुढचे बाकही माना डोलावतात. त्याच मुलांना ‘वीसातून सात गेले तर?’ असं विचारलं की तेरा लगेच सांगतात. म्हणजे वजाबाकी येते. अडतं ते ‘रमापेक्षा’ या एका शब्दापाशी. मुलांनी वाक्य वाचलेलंच नसतं. त्यांनी दोन आकडे उचललेले असतात आणि ‘जास्त’ हा शब्द दिसताच मध्ये अधिकचं चिन्ह टाकलेलं असतं.

यात मुलं मूर्ख नाहीत, चांगली धूर्त आहेत. दुसरी-तिसरीपासून त्यांनी पाहिलंय की बेरजेच्या धड्याखाली बेरजेचीच उदाहरणं असतात आणि भागाकाराच्या धड्याखाली भागाकाराची. मग मजकूर वाचायचा कशाला? धड्याचं नाव वाचलं की भागतं. ही युक्ती सहावीपर्यंत छान चालते, सातवीत लंगडते आणि नववीत पार झोपते.

मी गणित आणि विज्ञान शिकवते. सोलापूर जिल्ह्यात बार्शीच्या बाजूला, सोयाबीन-तुरीच्या पट्ट्यात आमचं हायस्कूल आहे, पाचवी ते दहावी. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांतून मुलं येतात. दर जूनमध्ये आमच्या स्टाफरूममध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘ह्या पोरांना वाचताच येत नाही हो.’ वाक्य कुणीही म्हणो, ते संपता संपता सगळ्यांच्या नजरा मराठीच्या मॅडमकडे वळतात. एकदा त्या वैतागून म्हणाल्या, “माझ्या तासाला कविता म्हणतात की नीट, धडाही वाचतात. तुमचं ते आंतररेण्वीय बल मी कुठल्या कवितेत शिकवू?”

बरोबरच होतं त्यांचं. गोष्ट वाचताना एखादा शब्द निसटला तरी पुढचा प्रसंग सांभाळून घेतो. विज्ञानाच्या पुस्तकात तसं होत नाही. ‘पदार्थाला उष्णता दिल्यावर त्याच्या कणांची गतिज ऊर्जा वाढते व परिणामी त्यांच्यातील आकर्षण बलाचा प्रभाव कमी होतो’ या धाटणीचं वाक्य घ्या. यात दोन घटना आहेत, एकीमुळे दुसरी घडते, आणि ते सांगायचं काम ‘परिणामी’ या एकट्या शब्दावर सोपवलंय. ‘त्याच्या’ म्हणजे पदार्थाच्या, पण ‘त्यांच्यातील’ म्हणजे कणांच्यातील. मी वर्गात फक्त एवढंच विचारायला लागले, ‘त्यांच्यातील म्हणजे कुणाच्यातील?’ सुरुवातीला मुलं गोंधळून माझ्याकडे बघायची. विज्ञानाच्या तासाला व्याकरण काय काढलंय मॅडमनी? पण दर वाक्याला हा प्रश्न येणार हे कळल्यावर ती वाचता वाचता मागे वळून पाहू लागली. एवढी सवय लागली तरी पुष्कळ असतं.

गणिताची मराठी तर सगळी प्रत्ययांवर तोललेली. ‘36 ला 4 ने भागा’ आणि ‘4 ने 36 ला भागा’ हे एकच, पण ‘36 ने 4 ला भागा’ म्हटलं की उत्तर पार बदलतं. आकडे तेच, फक्त ‘ला’ आणि ‘ने’ यांची जागा फिरली. मराठीत शब्दांचा क्रम सैल असतो, सगळी भिस्त प्रत्ययावर. बोलताना मुलांची यात कधी चूक होत नाही. ‘मी त्याला मारलं’ आणि ‘त्याने मला मारलं’ यातला फरक तक्रार घेऊन येणाऱ्या पाचवीच्या पोरालाही पक्का ठाऊक असतो! तोच प्रत्यय आकड्याला लागला की मात्र नजर त्यावरून घसरून जाते. हे मराठीच्या तासाला शिकवायचं की गणिताच्या? माझ्या मते गणिताच्या, कारण अडचण तिथेच उभी राहते.

2019 च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून केवढा गदारोळ झाला होता, ते अनेकांना आठवत असेल. ‘सत्तावीस’च्या जोडीने ‘वीस सात’ असंही वाचायला दिलं होतं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे समजावत होत्या की लिहिताना आधी दोन आणि मग सात, बोलताना आधी सात आणि मग वीस, वर जोडाक्षरं, या उलटापालटीत लहान मुलं अडखळतात, आणि जुनी पद्धत काही काढून टाकलेली नाही. ऐकायला कुणी तयार नव्हतं. विनोद झाले, भाषेच्या अस्मितेवर भाषणं झाली. मला ‘वीस सात’चं फार प्रेम आहे असं नाही, एकोणतीस-एकोणचाळीस पाठ केलेल्या पिढीतली मी. पण आकडा वाचणं हेसुद्धा वाचनच आहे आणि ते अवघड जाऊ शकतं, या विषयावर महाराष्ट्रात इतक्या लोकांनी तोंड उघडण्याची ती एकच वेळ असावी, आणि तीही आपण हसण्यावारी नेली.

सगळ्या विषयांतून भाषा, ही कल्पना काही नवी नाही. इंग्लंडमध्ये 1975 साली बुलक समितीच्या अहवालाने सांगितलं होतं की भाषेची जबाबदारी शाळेतल्या प्रत्येक विषयशिक्षकाची आहे. आपल्याकडे 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तेच म्हटलं, विज्ञानाचा, सामाजिक शास्त्राचा, गणिताचा तास हा भाषेचाही तास असतो. बी.एड. दोन वर्षांचं झाल्यापासून त्यात या विषयाचा स्वतंत्र पेपरही आहे. आमच्याकडे सरावाला येणाऱ्या छात्राध्यापकांच्या फाइली मी चाळते. त्यात पहिल्या पानावर सुंदर अक्षरात व्याख्या असते, शेवटी समारोप असतो, आणि मध्ये ‘परिणामी’ कसं शिकवायचं ते नसतं.

इतिहासाचे सर आमच्यात सगळ्यांत अवघड जागी आहेत. दहावीच्या इतिहासाचा पहिलाच धडा इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य परंपरेवर. व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स, फुको अशी रांग. सकाळी जनावरांचं शेण काढून, दोन कोस सायकल हाणून आलेल्या मुलाला पहिल्याच आठवड्यात मिशेल फुको. सर म्हणाले, “मी नावं बाजूला ठेवली. मुलांना पेन्सिल दिली आणि सांगितलं, जिथे कुणाचं तरी मत आहे तिथे खाली रेघ मारा, जिथे घडलेली गोष्ट आहे तिथे मारू नका.” इतकी साधी सूचना. त्यावर वर्गात भांडणं झाली म्हणे, हे वाक्य मत आहे की घटना यावर. दहावीचा वर्ग इतिहासाच्या एका वाक्यावरून भांडतोय, ही बातमी शिपाईमामांनी स्टाफरूममध्ये आणून दिली.

भूगोलात वेगळीच तऱ्हा. दहावीचं पुस्तक भारत आणि ब्राझीलची तुलना करत पुढे जातं, म्हणजे निम्मं वाचन नकाशाचं, आलेखाचं आणि तक्त्याचं. मुलं काय करतात? मजकूर वाचतात आणि आलेखावरून उडी मारून पुढच्या मजकुरावर जातात, चित्र हा विसावा असल्यासारखी. सूची कुठे आहे, उभ्या अक्षावर काय मोजलंय, आकडे हजारांत की लाखांत, हे बोट ठेवून वाचायला कुणीतरी शिकवावं लागतं.

आमच्या शाळेत सगळ्यांत जास्त काळ चाललेला धडा मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हता. तो खताच्या रिकाम्या गोणीचा होता. नववीच्या वर्गात मी 10:26:26 ची गोणी टेबलावर पसरली. मुलांच्या घरी अशा गोण्यांचे ढीग, त्यावर बसून अभ्यास करणारीही आहेत. विचारलं, “या 50 किलोच्या गोणीत नायट्रोजन किती?” बऱ्याच जणांनी सांगितलं, 10 किलो. आकडा समोर छापलेला, मग शंका कशाला? एका मुलीने हात वर केला. तिला हे गुणोत्तर दिसलं होतं, आणि गुणोत्तर दिसलं की अतिसंक्षिप्त रूप द्यायचं हे आम्हीच घोटून घेतलेलं. तिने सांगितलं, 5:13:13. गणित चोख. पण दुकानात जाऊन 5:13:13 मागितलं तर दुकानदार तोंडाकडे बघेल, कारण गोणीवरचे आकडे शेकडेवारी आहेत, 100 किलोत नायट्रोजन 10 आणि बाकीची दोन पोषकद्रव्यं 26-26. वर्ग हसला. तेवढ्यात दुसऱ्या एकाने पाटीवर करावा तसा हवेत हिशेब केला आणि म्हणाला, “मॅडम, पण 50 किलोत नायट्रोजन 5 किलोच भरतंय. आन बाकीचं 13-13. तिचं बरोबर आलं की!” आलं होतं खरं. 50 हे 100 च्या निम्मं म्हणून योगायोगाने जुळलं. 40 किलोची गोणी असती तर जुळलं नसतं. का नसतं, यावर उरलेला तास गेला, आणि त्यात शेकडेवारी, गुणोत्तर आणि वाचन यांतलं काय कधी चाललं होतं ते मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी एकाने घरून निरोप आणला. आजोबा म्हणाले होते, नायट्रोजन-बियट्रोजन काय ते तुमच्या मॅडमला माहीत, आम्ही नत्र, स्फुरद, पालाश म्हणतो. मग फळ्यावर दोन्ही नावं शेजारी शेजारी गेली. पुस्तकात एक, बांधावर दुसरं, आणि गोणीवर इंग्रजी. त्याच आठवड्यात कीटकनाशकाच्या बाटलीवरचा रंगीत त्रिकोण पाहिला, लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. तो बऱ्याच जणांना माहीत नव्हता. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. त्यामागे कारणं अनेक होती आणि त्याचं खापर वाचनावर फोडणं हा त्या माणसांवर अन्याय होईल. तरीही बारीक टायपातला तो कागद शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाला वाचता यावा, एवढी अपेक्षा विज्ञानाच्या शिक्षकाने स्वतःकडून ठेवायला हरकत नसावी.

सातबाराचाही तास घेतला. क्षेत्राच्या रकान्यात 0.81.00 असं लिहिलेलं. दोन टिंबांचा दशांश मुलांनी जन्मात पाहिला नव्हता. हेक्टर, आर, चौरस मीटर अशी ती मांडणी. साधारण दोन एकर, हे समजल्यावर एक मुलगा एकदम गप्प झाला आणि घरचा उतारा दप्तरात ठेवून दिला. का, ते मी विचारलं नाही.

आता सेमी इंग्रजीचं. आमच्याकडेही एक तुकडी आहे, गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. पालकांची मागणी आहे आणि तिला कारणं आहेत, त्यात मी पडत नाही. पण त्या तुकडीत वाचन झाकलं जातं. मूल ‘फोटोसिंथेसिस’ची व्याख्या घडाघडा म्हणतं, स्पेलिंग बिनचूक लिहितं, आणि झाड अन्न कुठून आणतं म्हटल्यावर म्हणतं, मातीतून. मराठी तुकडीतलं मूल निदान अडखळतं, मग मला कळतं तरी. म्हणून मी त्या तुकडीत आठवड्यातून एकदा उत्तर मराठीत सांगायला लावते. काही पालकांना ते आवडत नाही.

हे सगळं ठीक, पण मुलाला काय येतंय याचा माग कसा ठेवायचा? कागद म्हणाल तर आमच्याकडे भरपूर आहेत. 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक म्हणजे शिकवता शिकवता करायच्या मूल्यमापनाची आठ साधनं आली, दैनंदिन निरीक्षणापासून स्वाध्यायापर्यंत, आणि सोबत वर्णनात्मक नोंदी आल्या. कल्पना अतिशय चांगली होती. मुलाला गुणांत न मोजता शब्दांत पाहा. झालं काय, तर तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात आल्या, पुढे त्यांच्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरू लागल्या. ‘समजपूर्वक वाचन करतो’, ‘विज्ञानाविषयी आवड दाखवतो’, ‘वर्गकार्यात सहभागी होतो’. राज्यभरातली लाखो मुलं एकाच भाषेत समजपूर्वक वाचन करू लागली. शिक्षकाला नावं ठेवणं सोपं आहे. साठ मुलं, प्रत्येकाच्या प्रत्येक विषयाच्या नोंदी, वर जनगणना, निवडणूक आणि ऑनलाइन माहिती. माणूस पीडीएफ शोधणारच.

चाचण्याही आहेत. सरकारच्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्या होतात, पण त्या प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजीच्या. विज्ञानात, भूगोलात मूल काय वाचतं ते त्यांच्या कक्षेत येत नाही. निपुण भारत या केंद्र सरकारच्या मोहिमेचं लक्ष्य तिसरीपर्यंतचं, तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचावेत. चांगलंच आहे. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीचे सर्वेक्षक गावोगाव जाऊन अक्षर, शब्द, पहिलीचा परिच्छेद आणि दुसरीची गोष्ट वाचून घेतात. त्यांच्या 2022 च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात आठवीतल्या 69.6 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली, 2018 मध्ये हे प्रमाण 73 टक्के होतं. सगळे त्या उरलेल्या तीस टक्क्यांकडे बघून हळहळतात आणि ते योग्यच आहे. माझं लक्ष मात्र त्या सत्तर टक्क्यांकडे जातं. ते शिडीच्या शेवटच्या पायरीवर पोचले म्हणून मोजणं थांबतं. पण दुसरीची गोष्ट वाचता येणारं ते मूल आठवीच्या वर्गात बसलंय आणि त्याच्यापुढे विद्युतधारेचा धडा उघडलेला आहे.

म्हणून आम्ही आमची एक वही सुरू केली, साधी दोनशे पानी. मुलागणिक एक पान. कुठल्याही विषयाच्या शिक्षकाने त्यात लिहायचं, गुण द्यायचे नाहीत, श्रेणीही नाही. तारीख, कोणता मजकूर होता, आणि मुलाने काय केलं ते एका ओळीत. मजकुरातली माहिती शोधली का, दोन वाक्यं किंवा चित्र आणि वाक्य जोडलं का, स्वतःच्या शब्दांत सांगितलं का, कारण देऊन लिहिलं का, एवढ्याच नजरेने पाहायचं. सगळ्या मुलांचं करायचं म्हटलं तर दिवाळीआधी वही बंद पडली असती. त्यामुळे महिन्याला वर्गातली मोजकी मुलं निवडतो आणि ज्यांच्याबद्दल कुणालाच काही बोलता येत नाही, अशांना आधी घेतो. प्रत्येक वर्गात अशी मुलं असतात, ना हुशार ना खोडकर.

या वहीतून जे दिसलं ते मला कुठल्याही चाचणीने दाखवलं नव्हतं. एका मुलाच्या पानावर मराठीच्या मॅडमची नोंद, ‘प्रकट वाचन अडखळत, विरामचिन्हांकडे लक्ष नाही.’ त्याच महिन्यात भूगोलाच्या सरांची, ‘पर्जन्याचा आलेख न सांगता वाचला, सोलापूर आणि महाबळेश्वर यांतला फरक कारणासह सांगितला.’ दोन्ही खरं. वर्गात पहिली येणाऱ्या एका मुलीच्या पानावर याच्या उलट. खणखणीत वाचन, सुवाच्य अक्षर, आणि प्रयोगाची कृती वाचून साहित्य मांड म्हटलं की हात थबकतो. तिला आजवर वाचन येतं असं सगळे म्हणत आले होते, त्यामुळे तिला कुणी विचारलंच नव्हतं. अशी पानं शेजारी शेजारी ठेवून पाहिली की ‘वाचन येतं’, ‘वाचन येत नाही’ हे आमचे जूनमधले शब्द फार ढोबळ वाटायला लागतात. नववीच्या ‘कार्य आणि ऊर्जा’ धड्यात याच मुलीने मला अडवलं होतं. “डोक्यावर हंडा घेऊन सपाट रस्त्याने चालणारी बाई गुरुत्वाविरुद्ध कार्य करत नाही असं पुस्तक म्हणतं. मग आई दमते कशाने?” मी त्या दिवशी वहीत तिचा प्रश्न जसाच्या तसा उतरवला. त्याला कुठला रकाना लागू होतो ते ठरवत बसले नाही.

वहीला विरोधही आहे. इंग्रजीचे सर म्हणतात पोर्शन संपत नाही, त्यात हे कुठे. त्यांचं खोटं नाही. दहावीच्या वर्गात डिसेंबरनंतर वही जवळजवळ बंदच असते. बोर्डाच्या पेपरात ‘शास्त्रीय कारणे लिहा’, ‘भौगोलिक कारणे लिहा’, ‘विधान सकारण स्पष्ट करा’ असे प्रश्न येतात, म्हणजे तीन वेगळ्या विषयांत मागणी एकच, कारण द्या. तरी आम्ही विज्ञान, भूगोल आणि इतिहासवाले तिघं ती तीन वेगळ्या गाइडांतून तीन वेगळ्या पद्धतीने पाठ करून घेतो. एकदा ठरवलं होतं की तिघांनी मिळून ‘कारण’ हा एकच तास घ्यायचा. वेळापत्रकात जागा सापडली नाही. मधल्या सुट्टीआधीचा ऑफ तास जुळवून एकदा झाला, पुन्हा जमलं नाही.

सध्या वाद चालू आहे तो वेगळाच. सातवीतल्या एका मुलीने झाकणावर पाण्याचे थेंब का जमतात याचं उत्तर लिहिलं, ‘पाणी उकळलं की वाफ व्हती, ती झाकणाला लागून गार व्हती आन परत पाणी होऊन खाली गळती.’ मी पूर्ण गुण दिले. बाष्पीभवन, संघनन, कार्यकारण, सगळं त्यात आहे, क्रमही चुकलेला नाही. मराठीच्या मॅडमना ते पटलं नाही. त्या म्हणाल्या, “तुम्ही असे गुण दिलेत तर प्रमाण भाषेत लिहायला ती शिकणार कधी? उद्या बोर्डाचा तपासनीस तुमच्यासारखा नसेल.” मी म्हटलं, आधी विचार कागदावर येऊ दे. त्या म्हणाल्या, विचार आलाय, आता भाषा येऊ दे, आणि ती तुमच्याही तासाला येऊ दे, तुम्हीच म्हणता ना सगळ्या विषयांत भाषा? यावर मला चटकन उत्तर सुचलं नाही. भूगोलाचे सर म्हणाले, तिला दोन्ही लिहायला लावा. इतिहासाचे सर म्हणाले, मग मुली पहिलं लिहायचंच बंद करतील.

वहीत तिच्या पानावर आता दोन नोंदी आहेत, एक माझी, एक मराठीच्या मॅडमची, एकाखाली एक, दोन्ही जरा चिडूनच लिहिलेल्या. महिनाअखेरीस मुख्याध्यापक सरांनी पान पाहिलं आणि खाली सही केली. नेमकी कुणाच्या नोंदीखाली, ते अजून ठरलेलं नाही.